बेटाची आतली बाजू

“आज कुठल्या...” एवढंच माझ्या तोंडून बाहेर पडलं, तोच सासूबाईंचा ओला हात माझ्या तोंडावर बसला. त्या स्वयंपाकघरात खाली बसून नारळ खवत होत्या. गुडघेदुखीची एवढी तक्रार करणारी बाई खवणीवरून उठून इतक्या चपळाईने माझ्यापर्यंत कशी पोचली, ते मला कळलंच नाही.

“गो, दर्यार जाणाऱ्याक खंय म्हणान इचारूचा नाय. कितीदा सांगू तुका?”

जयवंत दारात उभा राहून हसत होता. अंगात तांबडं लाइफ जॅकेट, डोक्यावर कान झाकणारी टोपी, हातात ती बारीक काठी. नवऱ्याने आपली बाजू घ्यावी अशी माझी तेव्हाही फारशी अपेक्षा नसायची, पण निदान हसू तरी नये.

“आये, हयसर दर्यो नाय. ही खाडी,” तो आईला म्हणाला.

“खाडी झाली म्हणान काय? पाणी ता पाणीच.”

“बरां बाये.” मग तो माझ्याकडे वळला. “लांब नाही गं. दुपारच्या आत येतो.”

“येतो म्हण फक्त. येळ सांगू नको,” सासूबाई म्हणाल्या.

“येतो,” तो म्हणाला आणि गेला. त्यांचा हात अजून माझ्या हनुवटीवर होता. त्याला खोबऱ्याचा आणि तिरफळाचा वास येत होता.

आपल्याकडे बाहेर पडणाऱ्याला ‘कुठे’ म्हणून विचारू नये असं माझी आजीही म्हणायची, पण मी कऱ्हाडची. आमच्याकडे माणूस निघायचा तो एसटी स्टँडवर नाहीतर मळ्यात, त्यामुळे कोणी विचारलं तरी आजीची एक जळजळीत नजर मिळायची आणि विषय संपायचा. माझ्या सासरी, मालवणच्या गाबितांच्या म्हणजे मासेमारांच्या घरात, ते तसं नव्हतं. तिथे होडीवर जाणाऱ्याला कुठे जातोस, काय आणशील, कधी येशील, काही म्हणजे काही विचारायचं नाही. सासूबाईंकडे त्याचा पुरावाही होता. “माझ्या घोवाक कोणी कधी खंय म्हणान इचारूक नाय. जलमभर दर्यार गेलो आणि मेलो तो घरात, खाटीर.” सासरे खरोखरच म्हातारे होऊन, नातवंडांच्या गराड्यात, डाळभात खाऊन गेले होते.

सासूबाई यायच्या आधी मी जयवंतला दर वेळी विचारायची आणि तो दर वेळी सांगायचा. त्या जूनमध्ये आल्या आणि मी पहिल्यांदा विचारलं तेव्हाच त्यांनी घर डोक्यावर घेतलं. सहा महिन्यांसाठी आलेल्या म्हाताऱ्या बाईशी कुठे वाद घालत बसायचं, म्हणून मी विचारायचं सोडून दिलं. त्या सकाळी सवयीने तोंडातून निघालं, एवढंच.

आमचं घर सिॲटलच्या उत्तरेला एका लांबट बेटावर होतं. बेट मध्ये एके ठिकाणी अगदी अरुंद होतं, आणि तिथेच आमचं घर. उजव्या हाताने उतरलं की बाहेरचा किनारा. तिथून मोठं पाणी दिसायचं, मोठी जहाजं दिसायची. डाव्या हाताने उतरलं की आतला किनारा, बेट आणि मुख्य जमीन यांच्यामधल्या पाण्याचा. दोन्हीकडे चालत जाता यायचं. जयवंतची कयाक म्हणजे एका माणसापुरती प्लास्टिकची नारिंगी होडी. तिला खाली दोन चाकं अडकवून तो ती हातगाडीसारखी ओढत न्यायचा आणि पाण्यात शिरताना चाकं काढून मागे बांधून घ्यायचा. त्यामुळे तो गेल्यावर किनाऱ्यावर त्याची गाडी नाही, चपला नाहीत, काही मागे राहायचं नाही. घराभोवती उंच झाडं होती. फाट्यापासून तो कुठे वळला ते खिडकीतून दिसायचं नाही.

ते वर्ष गुलाबी सामनचं होतं. हा मासा तिथे एक वर्षाआड येतो. मधल्या वर्षी नावालाही दिसत नाही आणि आला की लाखांनी येतो, आपापल्या नदीचं तोंड शोधत किनाऱ्याकिनाऱ्याने जातो. मोठ्या सामनवाल्यांना त्याची किंमत नसते. मांस मऊ, जास्त ठेवलं तर बिघडतं, शिवाय नराच्या पाठीवर कुबड येतं. पण जयवंतचा जीव त्याच्यावरच. विमानांच्या कारखान्यात दिवसभर पडद्यासमोर बसणारा हा माणूस त्या दोन महिन्यांत पहाटे उठून चहाही न घेता निघायचा. मला वाटायचं, इतकं कौतुक लग्नाच्या पहिल्या वर्षात माझं केलं असतंस तर.

त्याची सगळी हत्यारं हलकी. काठी छडीएवढी, दोरी केसासारखी, आणि गळाला आमिष म्हणून बोटाएवढं गुलाबी रबरी माकूल, म्हणजे स्क्विड. सासूबाईंनी ती दोरी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चष्मा लावून पुन्हा पाहिली.

“ह्या केसान मासो धरतलस? तुटतली मरे.”

“तुटली तर तुटली. मासो खेचता तेवा सोडूची, थकलो की गुंडाळूची. घाई केल्यान तो हरलो.”

“तुझो बापूस हातान ओढी. हाताची चामडी जाय, पण मासो काय जाय नाय.”

“बाबांका पोट भरूचा होता. माका मजा करूची आसा.”

ती मजा मी एकदा किनाऱ्यावर उभी राहून पाहिली होती. मासा लागला की काठी कमानीसारखी वाकायची, मासा जाईल तिकडे दोरी, दोरी जाईल तिकडे कयाक. दोन किलोचा मासा नव्वद किलोच्या माणसाला होडीसकट ओढत न्यायचा आणि माणूस खुशीत हसायचा. मला पोहता येत नव्हतं, अजून येत नाही. मी ओरडून त्याला जवळ ये म्हणत होते आणि तो हात हलवत लांब जात होता.

आणलेला मासा सासूबाई स्वतः कापायच्या. पहिल्या दिवशी आतला रंग पाहून त्यांनी सुरी खाली ठेवली होती. “ह्यो रावस न्हय गो. आतसून गाजरासारखो.” मग मालवणहून आणलेली तिरफळं टाकून त्यांनी त्याचं तिखलं केलं आणि जयवंत तीन वेळा भात घेऊन जेवला. त्यानंतर रोज नारळ खवला जाऊ लागला. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा हे मी आता सांगून टाकते. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली होती.

त्या दिवशी धुकं होतं. ऑगस्टमध्ये तिथे सकाळी असतंच, उन्हं वर आली की विरतं. मी दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायच्या कामाला जायची, त्या दिवशी सुट्टी होती. मी कपडे धुतले, सासूबाईंच्या केसांना तेल लावलं. त्यांनी वाटण करून ठेवलं. धुकं गेलं, ऊन पडलं, दुपार झाली. तो आला नाही.

“येतलो गो,” सासूबाई म्हणाल्या. “मासो लागलो आसतलो, म्हणान उशीर.”

मी फोन केला. नुसता वाजत राहिला. पुन्हा केला. मग उजव्या हाताने उतरून बाहेरच्या किनाऱ्यावर गेले. तिथे दोनतीन माणसं काठ्या घेऊन उभी होती, लांब एक होडी होती, पण नारिंगी काही नव्हतं. एकाला विचारलं, तो म्हणाला सकाळपासून कयाकवाला कोणी पाहिला नाही, पण धुक्यात काय दिसणार. मी घरी परत आले तेव्हा सासूबाईंनी तीन ताटं घेतली होती. मी शेजारच्या डोरीनला हाक मारली. ती पूर्वी शाळेची बस चालवायची, आवाज खणखणीत, माणूस कामाचं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारता फोन उचलला.

तटरक्षक दलाकडून एक तरुण मुलगी बोलत होती. तिचा आवाज फार शांत होता. नाव, वय, वजन, जॅकेटचा रंग, कयाकचा रंग. अंगात पाण्यात घालायचा रबरी पोशाख आहे का?

“नाही. साधी विजार आहे.”

तो पोशाख मी त्याला वाढदिवसाला घेऊन दिला होता. मालवणच्या पोराने रबर घालून पाण्यात जायचं म्हणजे हसं होईल, म्हणून त्याने तो कपाटात टांगून ठेवला होता.

“तुमचे पती पाण्यात कुठून उतरले?”

“बाहेरच्या किनाऱ्यावरून.”

“तुम्हाला त्यांनी तसं सांगितलं होतं?”

“ते नेहमी तिथूनच जातात,” मी म्हणाले. सगळा जुलै आणि निम्मा ऑगस्ट तो तिथूनच गेला होता, परत आल्यावर त्याच्या बोलण्यातून ते कळायचं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तिच्या मागे कोणीतरी नकाशावरची नावं वाचत होतं, ती सगळी बाहेरच्या बाजूची होती. सासूबाई दारात उभ्या राहून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

“काय म्हणतत?”

“शोधायला निघालेत, आई.”

“मगे गावतलो,” त्या म्हणाल्या आणि ताटांवर झाकणं ठेवली.

दुपारभर हेलिकॉप्टर बाहेरच्या पाण्यावर घिरट्या घालत होतं. दोन बोटी होत्या. डोरीनने मला किनाऱ्यावर एका ओंडक्यावर बसवलं आणि खांद्यावर तिचा कोट घातला. ऊन लख्ख होतं, पोरं वाळूत खेळत होती, मला त्या सगळ्यांचा राग येत होता. मी फोन करत राहिले. डोरीन म्हणाली, बॅटरी संपेल. मी म्हटलं, त्याची संपली तरी चालेल, वाजतोय म्हणजे तो आहे.

फोन कुठे वाजत होता ते मला संध्याकाळी कळलं. तो कयाकच्या पोटातल्या कप्प्यात होता, पाणी जाऊ नये म्हणून झाकण घट्ट लावून ठेवलेला. आणि कयाक पालथी झालेली होती, बेटाच्या आतल्या बाजूला.

खेकड्यांचे पिंजरे उचलणाऱ्या एका म्हाताऱ्याला ती दिसली. त्यानेच नंतर मला सांगितलं, माझ्याकडे न बघता, टोपी हातात गोल गोल फिरवत. तो जवळ गेला तेव्हा त्याला आतून बारीक घंटी ऐकू आली. काठी दोरखंडाने कयाकला बांधलेली होती, ती बुडाली नव्हती. त्याने ती ओढून पाहिली तर दोरीच्या टोकाला मासा होता. जिवंत. दिवसभर तो उलट्या होडीला इकडून तिकडे ओढत होता, आणि ती केसासारखी दोरी तुटली नव्हती. त्याने गळ काढून मासा सोडून दिला. “काय करावं मला सुचलं नाही,” तो म्हणाला. मी त्याला ठीक आहे म्हणाले. खरंच, दुसरं काय करायचं त्याने?

मग सगळी धावपळ आतल्या बाजूला वळली आणि अंधार पडायच्या आत जयवंत मिळाला. लाइफ जॅकेटमुळे तो वरच होता. तो बुडाला नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन समजावून सांगितलं की तिथल्या पाण्यात उन्हाळ्यातही माणूस गारठून जातो, पण लगेच नाही. हातपाय आधी जातात, मग शुद्ध. अंगापिंडाने भरलेला माणूस, अंगात जॅकेट. काही तास असेल.

“म्हणजे केव्हापर्यंत?” मी विचारलं.

त्यांनी उत्तर द्यायचं टाळलं. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला तेव्हा म्हणाले, “दुपारपर्यंत असू शकेल. कदाचित त्यानंतरही.”

दुपारीच हेलिकॉप्टर आलं होतं. बेटाची कंबर ओलांडायला त्याला किती वेळ लागला असता हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावर सासूबाई दारातच होत्या. “गावलो?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या एवढ्यावरच समजल्या की कसा गावला. त्यांनी हंबरडा फोडला नाही. आत जाऊन ताटांवरची झाकणं काढली, सगळं अन्न एका पातेल्यात ओतलं आणि पातेलं घेऊन तिथेच जमिनीवर बसल्या.

तिथे सगळं विजेवर होतं. चिता नाही, राख डब्यात मिळते. कारखान्यातली माणसं आली, डोरीनने सँडविचं केली, भारतातून फोन येत राहिले. प्रत्येकाचा प्रश्न एकच, कसं काय झालं? आणि मग त्याच्या पाठोपाठ दुसरा, शोधायला एवढा उशीर कसा लागला? मी सांगायची, चुकीच्या बाजूला शोधलं. का? तो आत गेलाय हे माहीत नव्हतं. डोरीन एकदा अगदी सहज म्हणाली, “तू बाहेर म्हणालीस म्हणून मी मध्ये बोलले नाही, पण त्या आठवड्यात मासे आत आले होते, सगळ्यांनाच माहीत होतं.” सगळ्यांना. मला सोडून.

सासूबाई हे सगळे मराठी फोन ऐकत होत्या. माझ्या ते ध्यानातच आलं नाही. त्या भिंतीला टेकून बसायच्या, पाण्याखेरीज काही घेत नव्हत्या. पेज करून दिली तर तशीच थंड व्हायची. मालवणहून थोरल्या नणंदेचा, कुंदाताईंचा फोन आला की मी त्यांच्या कानाला लावायची, त्या नुसत्या हुं म्हणायच्या. मला भीती वाटायला लागली की आता ही बाई पण जाणार आणि मी ह्या बेटावर एकटी दोन डबे घेऊन बसणार.

एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं.

“बस गो.”

मी बसले. त्यांनी स्वतःचा उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता आणि त्याच्याकडे बघत होत्या.

“ह्यो हात मी तुझ्या तोंडार ठेवलंय,” त्या म्हणाल्या. “तू इचारी होतंस. मी इचारूक दिलंय नाय.”

“आई, नका हो असं...”

“गप. माका सांग. तू इचारलंस असता तर तेणा सांगल्यान असता. होय मां? तू त्या लोकांका सांगलंस असता. ते थयसरच गेले असते.” त्यांचा आवाज अगदी सपाट होता, बाजाराचा हिशेब सांगावा तसा. “म्हणजे मी मारलंय माझ्या झिलाक. ह्या हातान. होय का नाय, तेवढा सांग. मगे मी तुका परत काय इचारूची नाय.”

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्याच हाताने त्यांनी त्याला भरवलं असेल, मारलं असेल, माशांची खवलं काढली असतील. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ, मला हो म्हणायचं होतं. त्या आठवड्यात मी मनातल्या मनात त्यांना शंभर वेळा हो म्हटलं होतं, तुमच्यामुळे, तुमच्या त्या खंय नि फंयमुळे. राग माझ्या दातांपर्यंत आला होता. मग त्यांनी तो हात उचलून दुसऱ्या हाताने घट्ट धरला, तो त्यांचा नसल्यासारखा, आणि माझा धीर गेला.

“नाही, आई,” मी म्हणाले. “मला माहीत होतं.”

“काय म्हायत होता?”

“तो आतल्या बाजूला जाणार ते. आदल्या संध्याकाळीच म्हणाला होता.”

त्यांनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“तुका म्हायत होता तो खंय गेलो ता?”

“हो.”

“मगे सकाळी परत कित्याक इचारलंस?”

“सवयीने. उगीच.”

“आणि त्या लोकांका दुसरा कित्याक सांगलंस?”

ह्याचं उत्तर मी ठरवलं नव्हतं. “घाबरले होते,” मी म्हणाले. “फोनवर इंग्रजीत विचारत होते. माझ्या तोंडून बाहेरच्या बाजूचं गेलं. नंतर लक्षातच आलं नाही. आणि फोनवर सगळ्यांना माहीत नव्हतं म्हणाले, ते लाजेने.”

बाहेर डोरीन गवत कापत होती, त्याचा आवाज येत होता. मला वाटलं त्या आता माझ्या गळ्यात पडतील, दोघी रडू, आणि मग मी त्यांना दोन घास भरवीन. त्यांनी हात सोडला. तो पुन्हा त्यांचा झाला. मग त्या भिंतीला धरून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, थंड पेजेचं भांडं घेतलं आणि उभ्या उभ्या सगळी पेज प्यायल्या.

त्यानंतर त्या माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले. राखेचा डबा त्यांनी छातीशी धरला होता, मला हात लावू दिला नाही.

त्या जगल्या. चांगल्या जगल्या, कुंदाताईंच्या मुलांची लग्नं पाहिली, बाजारात मासळी घासाघीस करून घेतली. माझ्यावरचा राग हे त्यांचं टॉनिक झालं होतं असं मला कधी कधी वाटायचं. वाडीतल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं की सुनेला म्हायत होता. तिथून ते माझ्या माहेरी पोचलं. माझा सख्खा भाऊ मला फोन करून म्हणाला, “ताई, असं कसं झालं गं तुझ्याकडून?” मी त्याला खरं सांगू शकले असते. पण भाऊ बायकोला सांगणार, बायको तिच्या आईला, आणि कऱ्हाड आणि मालवण ही काही दोन जगं नाहीत. मी म्हटलं, झालं खरं.

मी बेट सोडलं. पुण्याला आले, नोकरी धरली. सासूबाई आजारी असल्याचं मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. न बोलावता मी मालवणला गेले. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणात माणसं बसली होती. मला पाहून बोलणं थांबलं. कुंदाताई मला मागच्या पडवीत घेऊन गेल्या आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

“शेवटच्या दिसात मी आयेक इचारलंय, वैनीक बोलवू काय,” त्या म्हणाल्या. “आयेन सांगल्यान, तिच्या हातचा पाणी माका नको.”

मी तांब्या खाली ठेवला.

“एक इचारू?” कुंदाताईंचा आवाज खाली आला. “राग नको धरू. आये काय दर रोज सांगी. पण माका कधी पटूक नाय. तुका खरांच म्हायत होता?”

आता सांगायला काही हरकत नव्हती. जिच्यासाठी लपवलं ती गेली होती. मी तोंड उघडलं. समोर ही बाई, आईच्या अंथरुणाशी बसून डोळे सुजलेली, आत्ताच तिला निरोप दिलेली. तिला सांगायचं की तुझी आई एका निर्दोष माणसाला शिव्या घालत मेली, आणि खरी गोष्ट अशी की तिनेच...

“हो,” मी म्हणाले. “माहीत होतं.”

कुंदाताईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या. मी तांब्यातलं पाणी न पिता संध्याकाळच्या गाडीने परत निघाले.

लोकांना मी हे एवढ्या वेळा सांगितलंय की त्यात हळूहळू भर पडत गेली. कोणी विचारायचं, कुठे म्हणाला तो तसं? मी म्हणायची, स्वयंपाकघरात. काय करत होता? गळ धूत होता. सुरुवातीला हे मला जुळवावं लागायचं. आता जुळवावं लागत नाही. तो सिंकपाशी उभा असतो, बाह्या वर केलेल्या, नळाखाली ते गुलाबी माकूल धरलेलं. “मासे आत आलेत म्हणे,” तो म्हणतो, “उद्या तिकडे जाऊन बघतो.” मी ताट पुसत असते, माझं अर्धं लक्ष सासूबाई काय म्हणतात त्याच्याकडे असतं, आणि मी हं म्हणते. हे घडलं नव्हतं, असं सांगू शकेल असं आता कोणी उरलेलं नाही. मीच स्वतःला विचारून पाहते, आणि मलाही नक्की सांगता येत नाही.